हातातले नाणे उलटून पाहा

बाजारातून घरी आल्यावर खिशातली चिल्लर आपण फळीवरच्या डब्यात टाकतो. टाकताना ती मोजतो, पण पाहत मात्र नाही. रुपया आहे की दोन रुपये, एवढे कळले की आपले काम झाले. आज माझी तुम्हांला एक साधी विनंती आहे. त्या डब्यातली नाणी एकदा जमिनीवर ओता आणि एकेक नाणे उलटून पाहा. त्यांत एखादे तरी असे निघण्याचा संभव आहे, की ज्यावर नेहमीच्या आकड्याऐवजी कोणा थोर पुरुषाचा चेहरा किंवा एखाद्या घटनेचे चित्र असेल. अशा नाण्यांना स्मारक नाणी म्हणतात. ती जमवावीत कशी, वाचावीत कशी, आणि त्यांच्या नावावर आज खेड्यापाड्यांतून जी फसवाफसवी चालली आहे तिच्यापासून दूर कसे राहावे, याविषयी थोडे बोलायचे आहे.

मला स्वतःला ही आवड लागली ती एस. टी. स्टँडवर. मी दहाएक वर्षांचा असेन. वडिलांबरोबर तालुक्याहून गावी परतत होतो. कंडक्टरने मोड दिली, त्यात एक रुपयाचे एक नवे कोरे नाणे होते आणि त्यावर चष्मा लावलेले डॉ. आंबेडकर होते. मी अण्णांना विचारले, "अण्णा, बाबासाहेब नाण्यावर कसे आले?" अण्णा प्राथमिक शाळेत शिक्षक. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्नच विचारायचा, ही त्यांची जुनी खोड. ते म्हणाले, "साल बघ." मी म्हणालो, "एकोणीसशे नव्वद." "आणि बाबासाहेबांचा जन्म कधीचा रे?" मला सांगता आले नाही. घरी आल्यावर पुस्तक काढले. जन्म १४ एप्रिल १८९१. मग शंभर वर्षे भरतात ती १९९१ साली. नाण्यावर १९९० कसे? आता अण्णांनी उलगडा केला. शंभर वर्षे पुरी होण्याआधीचे जे वर्ष, ते जन्मशताब्दीचे वर्ष म्हणून पाळतात. ते १४ एप्रिल १९९० रोजी सुरू झाले, म्हणून नाणे त्या सालचे. एका रुपयाच्या नाण्याने मला एक तारीख शिकवली आणि शताब्दी कशी मोजतात तेही शिकवले. तो रुपया मी खर्च केला नाही. आजही तो माझ्यापाशी आहे.

आता स्मारक नाणे म्हणजे नेमके काय ते पाहू. आपल्या देशात नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. हल्ली हे काम २०११ च्या नाणे कायद्यानुसार चालते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार ठिकाणच्या सरकारी टांकसाळींत नाणी पडतात आणि रिझर्व्ह बँक ती लोकांपर्यंत पोचवते. नेहमीच्या नाण्यावर एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि दुसऱ्या बाजूला किंमत असते. वर्षानुवर्षे तोच छाप चालू राहतो. एखाद्या प्रसंगाची आठवण ठेवायची असली म्हणजे सरकार एक बाजू बदलते आणि तेथे त्या प्रसंगाचे चित्र घालते. किंमत तीच, व्यवहारही तोच. वाणी ते नाणे घेईल, बँक घेईल. फरक एवढाच, की ते ठरावीक काळापुरते पडते आणि मग साचा बाजूला ठेवला जातो.

नाण्यावरून लोकांना काही सांगावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही बरं का! ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. आता आपले राज्य स्वतंत्र आहे, आपला राजा सिंहासनाधीश आहे, हे रयतेला कसे कळावे? त्या काळी वर्तमानपत्र नव्हते आणि आकाशवाणीही नव्हती. महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, आणि तेही नागरी अक्षरांत. होन सावकाराच्या पेटीत राहिला असेल; पण शिवराई बाजारहाट करणाऱ्या कुणब्याच्या आणि बलुतेदाराच्या हातात गेली. राज्य झाल्याची बातमी घरोघर पोचवली ती तांब्याच्या नाण्याने. स्मारक नाण्याच्या मुळाशी हाच विचार आहे. जी गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी असे वाटते, ती सर्वांच्या हातात जाईल अशा वस्तूवर कोरायची.

स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली निघाले. २७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या मुखवट्याची पन्नास पैशांची आणि एक रुपयाची नाणी पडली. पन्नास पैशांच्या नाण्यात तर दोन प्रकार आहेत. एकावर नाव हिंदीत, दुसऱ्यावर इंग्रजीत. पुढे १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी चार नाणी निघाली. त्यांतले दहा रुपयांचे नाणे पंधरा ग्रॅम वजनाचे आणि शेकडा ऐंशी भाग चांदीचे होते. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा पुन्हा पन्नास पैशांचे आणि दहा रुपयांचे नाणे पडले. १९९७ मध्ये पन्नास वर्षे झाली, तेव्हा पन्नास पैशांच्या नाण्यावर दांडीयात्रेचे चित्र आले. आणि २०२२ साली, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात, एक रुपयापासून वीस रुपयांपर्यंत पाच नाण्यांची मालिका निघाली. अंध व्यक्तींना ती सहज ओळखता यावीत अशी तिची घडण होती.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुलांना जमवायला एक सुंदर मालिका तयारच आहे. १९९० चा आंबेडकरांचा रुपया मी सांगितलाच. १९९९ साली दोन नाणी निघाली : ज्ञानेश्वर माउलींचा एक रुपया आणि शिवछत्रपतींचे दोन रुपये. हे दोन रुपयांचे नाणे हाती आले तर मुलांना त्याचे कोन मोजायला सांगा. अकरा भरतील. २००७ साली लोकमान्य टिळकांच्या जन्माला दीडशे वर्षे झाल्याबद्दल पाच रुपयांचे नाणे आले. आणि २०१५ साली बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीनिमित्त दहा रुपयांचे नाणे निघाले, बाहेर पिवळी कडी आणि आत पांढरी चकती असलेले. ही पाचही नाणी खर्चाच्या व्यवहारातली आहेत. त्यांची दर्शनी किंमत मिळवून पाहा. एकोणीस रुपये होतात! एकोणीस रुपयांत वारकरी परंपरा, स्वराज्य, स्वातंत्र्याची चळवळ आणि समतेचा लढा, असा महाराष्ट्राचा सातशे वर्षांचा इतिहास तळहातावर मावतो.

आता नाणे वाचायचे कसे, ते सांगतो. पहिली गोष्ट, सालाविषयी सावध राहावे. गांधीजींच्या १९६९ च्या नाण्यावर १९६९ हा आकडाच नाही. त्यावर लिहिले आहे १८६९-१९४८, म्हणजे जन्माचे आणि मृत्यूचे साल. वर्गात हे नाणे दाखवले, की निम्मी मुले ते १९४८ सालचे ठरवून मोकळी होतात. इंदिरा गांधींच्या १९८५ साली निघालेल्या पन्नास पैशांच्या नाण्यावरही १९१७-१९८४ असेच आहे. नेहरूंच्या नाण्यावर १८८९-१९६४ आहे. तेथे मृत्यूचे साल आणि नाणे पडल्याचे साल योगायोगाने एकच. लोकमान्यांचा जन्म १८५६ चा, म्हणजे दीडशे वर्षे २००६ मध्ये भरली, पण नाणे २००७ चे. तेव्हा नाण्यावरच्या सालाला तीन प्रश्न विचारावेत. हे जन्माचे साल आहे का? मृत्यूचे आहे का? की नाणे पाडल्याचे आहे? इतिहास शिकताना कोणत्याही कागदाला विचारायचे प्रश्न हेच असतात.

दुसरी गोष्ट, टांकसाळीची खूण. सालाच्या खाली बारीक नजरेने पाहा. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर नाणे मुंबईचे. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचे. बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचे. आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे. मुलांना हा खेळ फार आवडतो. आपल्या गावच्या दुकानातला रुपया हैदराबादेहून फिरत फिरत आला आहे, हे कळल्यावर भूगोलाचा नकाशा ती आपण होऊन उघडतात.

तिसरी गोष्ट जरा जपून समजून घ्यावी, कारण फसवणुकीचे मूळ तिच्यात आहे. नाणे म्हणून आपल्यापुढे तीन प्रकारच्या वस्तू येतात. पहिला प्रकार बाजारात फिरणाऱ्या स्मारक नाण्यांचा, तो आपण पाहिला. दुसरा प्रकार संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांचा. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० मध्ये एक हजार रुपयांचे नाणे काढले गेले. २०१५ मध्ये आंबेडकरांचे एकशेपंचवीस रुपयांचे नाणे निघाले. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाच्या वेळी पंच्याहत्तर रुपयांचे नाणे निघाले. त्याचे वजन पस्तीस ग्रॅम आणि त्यात निम्मी चांदी. ही नाणी सरकारीच, अगदी खरी. परंतु ती वाण्याच्या दुकानात कधी यायची नाहीत. टांकसाळ ती पेटीत घालून, दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने, आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना विकते. तिसरा प्रकार नाण्यांचा नव्हेच. दिवाळीत सराफाकडे लक्ष्मीची छबी असलेले चांदीचे शिक्के मिळतात, ते या प्रकारातले. पूजेला ते उत्तम, चांदीचे मोलही त्यांना आहे, पण ते चलन नव्हे. ओळखायचे कसे? खऱ्या नाण्यावर अशोकस्तंभाचे सिंह असतात, ‘भारत’ हे नाव असते आणि रुपये किंवा पैसे यांत किंमत लिहिलेली असते. यांतले काही नसेल तर त्याला पदक म्हणा, शिक्का म्हणा. नाणे म्हणू नका. एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ साल असलेले तांब्याचे तुकडे जत्रेत विकायला येतात. कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. कोणी ते ‘चमत्कारी’ म्हणून गळ्यात मारू लागला तर सरळ पुढे चालू लागावे.

हे इतके सविस्तर सांगण्याला एक कारण घडले. आमच्या गावाकडचे, माझ्या चांगल्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. त्यांना आपण तात्या म्हणू. त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर एक जाहिरात आली. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये मिळतील, असे तीत लिहिले होते. तात्यांच्या डब्यात तसे नाणे निघाले. त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलणारा. तो म्हणाला, नोंदणीची थोडी रक्कम भरा. ती भरली. मग म्हणाला, एवढी मोठी रक्कम तुमच्या खात्यावर यायची तर आधी कर भरावा लागेल. तोही भरला. मग तिसरी मागणी आली, तेव्हा तात्या माझ्याकडे आले. तोवर खतासाठी बाजूला ठेवलेले पैसे गेले होते. ते नाणे माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "सर, नाणं तर खरं हाय ना?" मी काय उत्तर देणार? नाणे खरेच होते. खोटा होता तो गिऱ्हाईक.

वैष्णोदेवी देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षे झाली, त्या निमित्ताने २०१२ साली ही नाणी निघाली. ती बाजारात फिरण्यासाठीच पाडलेली. नाण्याला जादा किंमत येते ती तीन गोष्टींवरून : ते किती पडले, आज ते कोणत्या स्थितीत उरले आहे आणि ते हवे असणारे लोक किती आहेत. जे नाणे तुमच्या डब्यात, शेजाऱ्याच्या डब्यात आणि वाण्याच्या गल्ल्यातही आहे, त्याला लाखो रुपये कोण देईल? देवीचे चित्र आहे म्हणून मोल वाढत नाही. देवाची किंमत बाजारात ठरत नसते. असे प्रकार इतके वाढले, की ऑगस्ट २०२१ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना द्यावी लागली. जुन्या नोटांच्या व नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी ती कोणाकडून शुल्क वा दलाली घेत नाही आणि तिच्या नावाने तसे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही, असे तिने सांगितले. तेव्हा एक खूणगाठ बांधून ठेवा. खरा गिऱ्हाईक पैसे देतो; तो आधी पैसे मागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती मला अधिक बोचते. आमच्याकडच्या आठवडी बाजारात एका म्हाताऱ्या बाईंच्या हातातले दहा रुपयांचे नाणे दुकानदार घेईना. "आजी, हे वेगळंच आहे, चालत नाही," असे म्हणून त्याने ते परत केले. मी पाहिले, तर ते २०१५ चे बाबासाहेबांचे नाणे! दिवसभराच्या भाजीविक्रीतून आलेले दहा रुपये, भारत सरकारचा छाप असलेले, आणि ते चालत नाही म्हणे. दहा रुपयांची नाणी वेगवेगळ्या छापांची दिसतात, त्याचे एक कारण ही स्मारक नाणीच आहेत. लोकांना वाटते, एक खरे आणि बाकीची खोटी. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले, की तोपर्यंत निघालेले दहा रुपयांचे चौदाही छाप खरे आहेत आणि सर्व व्यवहारांत चालतात. मी दुकानदाराला हे सांगितले. त्याने नाणे घेतले, पण नाराजीनेच.

या दोन गोष्टी मनात एकत्र आल्या की वाटते, ओळख नसली म्हणजे माणूस दोन्हीकडून नाडला जातो. तात्या नाण्याला लाखाचे समजले आणि फसले. दुकानदाराने दहा रुपयांचे नाणे कवडीमोलाचे ठरवले आणि आजींना फसवले. म्हणून नाण्यांची ओळख करून घेणे हा मी नुसता छंद मानत नाही. शाळेत ती ओळख झाली, तर पुढे ती घराच्या उपयोगी पडते.

संग्रह सांभाळण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे मी स्वतः ठेच खाल्लेली आहे. आमच्या घरी गांधीजींचे १९६९ चे चांदीचे दहा रुपयांचे नाणे होते. ते काळे पडले म्हणून दिवाळीत मी चिंच आणि राख लावून घासघासून लखलखीत केले. आईला दाखवले, शाबासकी मिळवली. पुढे एका जाणत्या संग्राहकांनी ते हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "घासलंत होय?" त्यावर असंख्य बारीक ओरखडे उठले होते. तेव्हा नाणे घासू नये. चिंच नको, राख नको, टूथपेस्टही नको. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपावे. नाणे नेहमी कडेने धरावे, कारण बोटांचा घाम धातूवर डाग पाडतो. एकेका नाण्याला कागदाचे लहान पाकीट करावे, वर पेन्सिलीने नोंद करावी आणि ओल नसेल अशा जागी ठेवावे. नाणी वितळवणे किंवा मोडतोड करणे कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे.

कोणती नाणी आधी ठेवावीत? माझा सल्ला असा, की जी पुन्हा हाती येण्याची आशा नाही ती. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. म्हणजे गांधीजींचे १९६९ चे वीस पैसे आता कोणी मोड म्हणून देणार नाही. आजीच्या पेटीच्या तळाशी ते पडलेले असेल तर जपून ठेवा. पन्नास पैशांना बाजारात मान उरलेला नसला तरी कायद्याने ते अजून चलनात आहेत. तेव्हा १९९७ चे दांडीयात्रेचे नाणे मिळेल तेव्हा ठेवून द्यावे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सूचना. पुष्कळ मुलांच्या घरी पाच-दहा रुपये बाजूला टाकून ठेवण्याची ऐपत नसते. संग्रह हा त्यामुळे पैसेवाल्यांचा छंद होऊ नये. यावर मी एक सोपा उपाय करून पाहिला आहे. नाण्यावर पातळ कागद ठेवावा आणि त्यावरून पेन्सिलीचे टोक आडवे धरून हलक्या हाताने घासावे. छाप जसाच्या तसा कागदावर उमटतो. त्याखाली चार ओळी लिहाव्यात : नाणे किती किमतीचे, कोणाच्या किंवा कशाच्या आठवणीचे, टांकसाळ कोणती आणि ते आपल्याला कोठे मिळाले. मग नाणे खुशाल दुकानात द्यावे, त्याची साखर आणावी. नाणे फिरत राहते आणि त्याची आठवण वहीत राहते. वर्षाअखेर अशी वीस पाने जमली, तर त्या मुलाच्या हाती स्वतः जमवलेला इतिहास असतो. एखाद्या पानावर साल चुकले तर रागावू नये. "पुस्तकात काढून बघ" एवढेच म्हणावे.

अण्णा आज नाहीत. पण नवे नाणे हाती आले, की मी अजून आधी साल पाहतो, मग त्याखालची खूण पाहतो आणि मग विचारतो, याच वर्षी हे का बरे निघाले असेल? उद्या सकाळी दूधवाल्याला पैसे देताना किंवा कंडक्टरकडून मोड घेताना तुम्हीही एक क्षण थांबा आणि नाणे उलटून पाहा. घरात एखादे लहान मूल असेल तर आधी त्याच्या हातात द्या.